धुराची वाट, दाराची फट

शाळेत, थिएटरात, मॉलमध्ये आग लागली तर एक हाक पुरते: बाहेर पळा. हॉस्पिटलमध्ये ही हाक देऊन चालत नाही. ज्यांच्यासाठी ती इमारत बांधली, त्यांतले बरेच लोक पळू शकत नाहीत. कुणाच्या पायाला वजन लावलेलं असतं, कुणी ऑपरेशन टेबलावर भुलीखाली असतं, कुणाचा श्वास भिंतीतून येणाऱ्या नळीवर चाललेला असतो. एनआयसीयूतलं, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागातलं बाळ तर दीड किलोचं असतं. म्हणून हॉस्पिटलच्या बाबतीत पळण्याचा नव्हे, थांबण्याचा विचार आधी करावा लागतो. माणूस जागेवर असताना धूर त्याच्यापर्यंत किती वेळ पोचणार नाही, हे इमारतीनेच ठरवायचं असतं. आणि ते ठरतं नकाशावर, भिंत काढताना. आग लागल्यावर नाही.

मी धूर म्हणतोय, ज्वाळा नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे 10 नवजात बाळं गेली. त्यांतली बहुतेक गुदमरून गेल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 ला आग तळघरात लागली आणि नव्वदच्या आसपास माणसं दगावली ती वरच्या मजल्यांवर. ज्वाळा त्यांच्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. धूर शाफ्टमधून (मजले भेदून वर जाणारी पोकळी) आणि डक्टमधून (एसीची हवा नेणारी नळकांडी) वर गेला, आणि समोरच्या बंद काचेमुळे त्याला बाहेर पडायला जागा मिळाली नाही. गादीतला फोम, केबलवरचं पीव्हीसी, पडदे, प्लॅस्टिकच्या ट्यूब हे सगळं जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. फोममधून हायड्रोजन सायनाइडही निघतो. आधीच फुप्फुस अधू झालेल्या माणसाला त्याचे मोजके श्वासही पुरतात.

तेव्हा इमारत पाहायची ती धुराच्या नजरेने. त्याला जिना कळत नाही, पाटी वाचता येत नाही. त्याला फक्त फट कळते.

गंगापूर रोड, मुंबई नाका, शरणपूर रोड, इंदिरानगर या पट्ट्यांत नाशिकची कितीतरी हॉस्पिटलं मुळात हॉस्पिटल म्हणून बांधलेलीच नाहीत. खाली दुकानं आणि वर फ्लॅट असलेली इमारत, किंवा एखादा बंगला. चार फ्लॅट एकत्र करून वॉर्ड केला, हॉलचा आयसीयू झाला, बाल्कनी बंद करून तिथे पॅनेल बसवलं. अशा जागेत एका मजल्यावर एकच मोकळं पोकळ दालन तयार होतं आणि एकच जिना उरतो. आयसीयूच्या कोपऱ्यात एसी पेटला की धूर मजलाभर, आणि जिन्यातून पुढे वर. मग उरतो एकच मार्ग, रुग्णाला जिन्यातून खाली नेणं. रात्री अडीच वाजता दोन सिस्टर आणि एक मामा यांनी दहा रुग्ण तीन मजले उतरवायचे. एका रुग्णाची पोर्टेबल सिलिंडरवर बदली, मॉनिटरच्या वायरी काढणं, हाताने दाबून श्वास देणारी अँबू बॅग लावणं, चादरीत घेणं या सगळ्याला तिघांची चार मिनिटं धरली, तरी दहाव्या रुग्णाची पाळी येईपर्यंत छत्तीस मिनिटं गेलेली असतात. जिने उतरण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. एवढ्या खोलीत धूर डोक्याच्या उंचीपर्यंत खाली यायला काही मिनिटंच लागतात.

याला उत्तर जगभर एकच मानलं गेलंय: रुग्णाला खाली न्यायचं नाही, बाजूला न्यायचं. मजल्याचे किमान दोन कप्पे करायचे. मधे स्लॅबपासून स्लॅबपर्यंत गेलेली, दोन तास टिकणारी भिंत, तिच्यात आपोआप बंद होणारं दार. या कप्प्यात आग लागली तर पलंगच ढकलत त्या कप्प्यात न्यायचा. पलंगाला चाकं असतात, चाळीस मीटर ढकलायला मिनिटही लागत नाही. दुसऱ्या कप्प्यात एका पलंगाला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला साधारण 2.8 चौरस मीटर जागा मोकळी मिळाली पाहिजे. दहा पलंगांच्या आयसीयूला पलीकडे 28 चौरस मीटर. ही जागा लॉबीत, कॉरिडॉरमध्ये, फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये मिळू शकते. मात्र तिथेही ऑक्सिजनचे आउटलेट आणि इमर्जन्सी सॉकेट आधीच बसवलेले हवेत. नाहीतर धुरातून वाचवलेला रुग्ण पलीकडे जाऊन नळीअभावी जायचा. आर्किटेक्टच्या नकाशावर ही एक रेघ असते. नंतर बांधायला गेलं तर फॉल्स सिलिंग उकलणं, डक्ट कापणं आणि महिनाभर वॉर्ड बंद ठेवणं आलं. म्हणूनच नवं हॉस्पिटल बांधणाऱ्या डॉक्टरांनी फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याची फाइल करण्याआधी ही रेघ कुठे आहे ते विचारावं.

आता या भिंतीच्या दुखण्याकडे येतो. भिंत नकाशात असते आणि बांधलेलीही असते, पण फॉल्स सिलिंगला टेकून थांबते. वरच्या दीड फुटात डक्ट, केबल ट्रे, ऑक्सिजनचे तांब्याचे पाइप, ड्रेनेज, इंटरनेटच्या वायरी या सगळ्यांची ये-जा चालू असते. खालून पाहिलं तर भिंत पूर्ण. वर मात्र धुराला राजमार्ग. भिंत वरच्या स्लॅबला भिडलीच पाहिजे आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाभोवतीची फट तापल्यावर फुगणाऱ्या सीलंटने किंवा फायर मॉर्टरने बंद झाली पाहिजे. साइटवर काय होतं? प्लंबर पिवळा पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारतो. तो फुगतो, फट दिसेनाशी होते, सगळ्यांचं समाधान होतं. साधा पीयू फोम मात्र स्वतःच जळतो. त्यानंतर दोन वर्षांनी सीसीटीव्हीवाला येतो, नवं भोक पाडतो आणि वायर ओढून निघून जातो. भोक पाडणाऱ्याने ते त्याच दिवशी बंद करायचं आणि बंद केल्याचा फोटो द्यायचा, ही एक अट वर्क ऑर्डरमध्ये घातली तरी निम्मं काम होतं. फॉल्स सिलिंगची एक टाइल उचलून टॉर्च मारून पाहणं हे हॉस्पिटलच्या इंजिनिअरचं सर्वांत स्वस्त परीक्षण आहे.

आणि दार. दाराविषयी मला फार वाटतं, कारण सगळा खेळ शेवटी तिथेच येऊन ठेपतो. एक मीटर रुंद, 2.1 मीटर उंच दार घ्या. सभोवती 3 मिलिमीटरची फट असेल तर तिचं क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे दीड पोस्टकार्डाएवढं भोक. दाराच्या चौकटीत जी काळी पट्टी असते ती उष्णतेने फुगते, पण त्यासाठी दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आगीपासून दूरचा धूर थंड असतो. तो त्या पट्टीला जागं न करताच आत शिरतो. म्हणून फुगणाऱ्या पट्टीसोबत ब्रशची किंवा रबराची धूररोधक पट्टी लागते, आणि उंबरठा नसलेल्या दाराला खाली पडणारी सील. दारावर ‘120 मिनिटं’ असं लेबल आहे म्हणून धूर थांबेलच असं नाही. लेबल आगीचं असतं. धुराचं वेगळं विचारावं लागतं.

दार बंद असेल तरच यातलं काही उपयोगी. कॉरिडॉरमधलं फायर डोअर दिवसभरात शेकडो वेळा उघडावं लागतं. स्ट्रेचर, जेवणाच्या ट्रॉल्या, औषधं, नातेवाईक. दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरची ताकद सगळ्यांना त्रास देते, मग मावशी दाराखाली लाकडी पाचर घालतात, कुणी रिकामा सिलिंडर टेकवून ठेवतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चोवीस तास बंद ठेवा म्हणून ज्याचा आग्रह धरला, ते दार तिथे मुळात चुकीचं होतं. अशा ठिकाणी विद्युतचुंबक बसवतात. 24 व्होल्टवर तो दार उघडं धरून ठेवतो, अलार्म वाजला किंवा वीज गेली की सोडून देतो. मग दार आपल्या क्लोजरने मिटतं. दोन पानांचं दार असेल तर कोणतं पान आधी मिटावं हे ठरवणारा कोऑर्डिनेटर लागतो. नाहीतर दोन्ही पानं एकमेकांवर चढतात आणि मधे हाताएवढी फट राहते. महिन्यातून एकदा अलार्म देऊन सगळी दारं मिटताना पाहावीत. एखादं अर्ध्यावर अडतंच.

एसीची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे धूर स्वतः चालत नाही, आपण पंख्याने त्याला नेतो. सेंट्रल एसीचा एएचयू परत येणारी हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा सगळ्या खोल्यांत वाटतो. एका खोलीतला धूर म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतला धूर. म्हणून परतीच्या डक्टमध्ये स्मोक डिटेक्टर बसवून तो वाजताच एएचयू बंद पडेल अशी जोडणी करतात आणि प्रत्येक फायर वॉलमध्ये डँपर, म्हणजे डक्ट मिटवणारं पातं बसवतात. जुन्या डँपरमध्ये वितळणारा दुवा असतो, बहात्तर अंशांच्या आसपास वितळणारा. थंड धूर त्याला वितळवत नाही. मोटरवर चालणारा, अलार्मने मिटणारा डँपर हवा, आणि त्याच्याशेजारी डक्टला झाकण हवं, म्हणजे माणूस हात घालून पातं फिरतंय का ते पाहू शकेल. कित्येक डँपर बसवल्यापासून कुणी पाहिलेलेच नसतात, कारण ते पाहायला जागाच ठेवलेली नसते.

स्प्लिट एसी या भानगडीतून सुटतो, असं वाटतं. तो धूर इतर खोल्यांत नेत नाही हे खरं. पण तो बाहेरची हवाही आणत नाही. आणि आयसीयूत याचा हिशेब फार महाग पडतो. दहा बाय सहा मीटरचा, तीन मीटर उंचीचा आयसीयू घ्या. 180 घनमीटर हवा. दहा रुग्णांना हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, प्रत्येकी मिनिटाला 60 लिटर शुद्ध ऑक्सिजन चालू आहे. तासाला 36 घनमीटर. माणसाचं शरीर मिनिटाला पाव लिटर वापरतं, उरलेला खोलीत सांडतो. खोली खरोखर बंद असेल तर तासाभरात तिथलं ऑक्सिजनचं प्रमाण 21 टक्क्यांवरून पस्तीसच्या आसपास जातं. साडेतेवीसच्या पुढे हवेला ऑक्सिजन-समृद्ध मानतात. कापूस, केस, चादर, डायपर अशी एरवी नुसती धुमसणारी वस्तू तिथे भडकते. तासाला दोनदा बाहेरची ताजी हवा भरली तरी प्रमाण 28 टक्क्यांवर राहतं. साडेतेवीसला आणायचं तर तासाला सहा वेळा बाहेरची हवा लागते. कोविडच्या काळात स्प्लिट एसी लावलेल्या बंद खोल्यांत हाय-फ्लोची यंत्रं रांगेने लागली. 2021 च्या एप्रिलमध्ये विरारच्या आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या आयसीयूतल्या आगींकडे पाहताना हा हिशेब डोळ्यांसमोरून हलत नाही. गळक्या मास्कसाठीही हेच लागू. एक्झॉस्ट पंखा आणि ताज्या हवेची वाट या दोन गोष्टींवर आयसीयूत कुणी काटकसर करू नये.

आग मुळात पेटते कुठे? बहुतेक वेळा विजेत. जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा एमसीबी स्विच सारखा पडतो म्हणून वायरमन 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवतो. तार तीच, अडीच चौरस मिलिमीटरची, भिंतीतल्या पाइपात जेमतेम वीसएक अँपिअर सोसणारी. आता एमसीबी पडत नाही, तार तापते. दुसरं कारण आणखी गुप्त आहे. सॉकेटच्या मागचा स्क्रू सैल झाला आणि त्या सांध्यात दशांश ओहम अडथळा तयार झाला. 15 अँपिअर प्रवाह वाहत असताना तिथे साडेबावीस वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, रात्रंदिवस. प्रवाह नेहमीइतकाच असल्याने एमसीबीला काही कळत नाही. विजेची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही नाही. हे फक्त थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. सहा महिन्यांतून एकदा पूर्ण लोड चालू असताना पॅनेल, सॉकेट आणि एसीचे पॉइंट यांचे फोटो काढायचे आणि शेजारच्या फेजपेक्षा जास्त तापलेला सांधा आवळायचा. एनआयसीयूचे वॉर्मर आणि फोटोथेरपीचे दिवे महिनोन्‌महिने बंद होत नाहीत, म्हणून तिथून सुरुवात करावी. एक्स्टेन्शन बोर्ड तर त्या खोलीत नसावाच. तो दिसला की समजावं, सॉकेट कमी पडलेत.

ऑक्सिजनची लाइन आगीच्या वेळी बंद करावी लागते, आणि इथे माणसांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो. प्रत्येक वॉर्डबाहेर काचेच्या पेटीत व्हॉल्व्ह असतो. असावा लागतो. तो वॉर्डच्या आत असेल तर निरुपयोगी. बंद केला की आतल्या सगळ्यांचा ऑक्सिजन जातो. म्हणून निर्णय त्या पाळीच्या प्रमुख सिस्टरचा, आणि आधी रुग्ण सिलिंडरवर घेतले का हे विचारून. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास पुरतो, 40 लिटरने चाळीस मिनिटंसुद्धा नाही. किती सिलिंडर भरलेले, चावी आणि रेग्युलेटरसकट ट्रॉलीवर तयार आहेत, हे पाळी बदलताना मोजायचं काम आहे. नाशिकला याची दुसरी बाजू ठाऊक आहे. 21 एप्रिल 2021 ला झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती झाली. आग नव्हती. पण लाइनमधला दाब गेला आणि वीसहून अधिक माणसं गेली. टाकी, पर्यायी सिलिंडरचा मॅनिफोल्ड (एका लाइनला जोडलेली सिलिंडरची रांग) आणि वॉर्डातले सुटे सिलिंडर अशा तीन पायऱ्या एकमेकांवर अवलंबून नसाव्यात, हे त्या दिवसाने या शहराला शिकवलं. आगीच्या आराखड्यात ते लिहिलेलं असावं.

जिन्याकडे येऊ. उंच इमारतीत जिन्यात पंख्याने हवा भरून साधारण 50 पास्कल दाब ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी धूर आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. दाब जास्त झाला तर दार उघडतच नाही. दोन चौरस मीटरच्या दारावर 50 पास्कल म्हणजे 100 न्यूटन, हँडलपाशी त्याच्या निम्मे, वर क्लोजरची ताकद. राष्ट्रीय इमारत संहितेने 133 न्यूटनची मर्यादा घातलीय ती यासाठी. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा सुरू करून तपासण्याच्या दिवशी स्प्रिंगचा काटा हँडलला लावून ओढून पाहावा. सडपातळ सिस्टरला एका हाताने दार उघडता आलं पाहिजे, दुसऱ्या हातात अँबू बॅग असते.

नाशिकची हवाही इथे खेळते. डिसेंबरच्या रात्री बाहेर नऊ-दहा अंश आणि आत बावीस. शाफ्टमधली हवा वर ओढली जाते, धूर वरच्या मजल्यांवर. मेच्या दुपारी बाहेर चाळीस, आत चोवीस. ओढा उलटा होतो आणि आगीपासून दूरचा थंड धूर खालच्या मजल्यावर उतरू शकतो. वीस मीटर उंचीच्या वातानुकूलित इमारतीत हा फरक टोकांना पाच-सहा पास्कलचाच असतो, पण फटीतून धूर ढकलायला तेवढा पुरतो. “धूर वरच जातो” हे वाक्य म्हणूनच ड्रिलमध्ये शिकवू नये. लिफ्टचे, केबलचे आणि ड्रेनेजचे शाफ्ट मजल्यामजल्यावर बंद असले पाहिजेत.

रॅम्प असावा, जिथे जागा आहे तिथे. 3.6 मीटरच्या मजल्याला बारास एक उताराने 43 मीटर लांबी लागते, लँडिंग सोडून. बंगल्याच्या हॉस्पिटलात हे बसत नाही, म्हणून तिथे आयसीयू आणि एनआयसीयू तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावरच ठेवावा. वरच्या मजल्याचा शांतपणा नंतर महागात पडतो.

समोरची काच सुंदर दिसते. तिच्यात दर 10 मीटरला निदान एक बाय एक मीटरचा उघडणारा भाग असावा, आणि स्लॅबची कडा व काच यांतली फट बंद असावी. तीच फट मजल्यामजल्यांना जोडणारी चिमणी होते. नामफलकाच्या एसीपीत (दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांच्या पॅनेलमध्ये) आत पॉलिथिलीन नाही ना, हे खरेदीच्या दिवशी विचारावं. तळघरात रेकॉर्ड, गाद्या, पुठ्ठे नकोत.

पाण्याचं थोडक्यात. स्प्रिंकलरचा लाल बल्ब 68 अंशांवर फुटतो, आणि फक्त तो एकच फुटतो. सिनेमात दाखवतात तशी सगळी छतं एकदम गळत नाहीत. नेहमीचा स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी देतो. आयसीयूत यंत्रं भिजतील ही भीती म्हणून खरी, पण छोटी. पावडरचा एक्स्टिंग्विशर मात्र तिथे वापरू नये, ती पावडर त्याच फुप्फुसांत जाते. कार्बन डायऑक्साइड किंवा क्लीन एजंट (मागे काही न उरवणारा वायू) ठेवावा. पंप हाऊसमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: पॅनेल ‘ऑटो’वर आहे का, डिझेल पंपाची बॅटरी चार्ज आहे का, वरच्या मजल्याच्या हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याच्या नळाला) 3.5 बार येतात का. पॅनेल ‘मॅन्युअल’वर का ठेवलं हे विचारलं तर बहुतेकदा कळतं, कुठेतरी पाइप गळतोय आणि दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप पुन्हापुन्हा चालू होतो. गळती शोधण्याऐवजी पंप झोपवलेला असतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, द्यावा लागतो. त्यावर सही करणाऱ्या एजन्सीने पंप सुरू करून पाहिला का, हे मालकाने शेजारी उभं राहून पाहावं.

सिंहस्थ जवळ येतोय. गर्दी, तात्पुरते वॉर्ड, कॉरिडॉरमध्ये वाढीव पलंग. कॉरिडॉर 2.4 मीटरचा ठेवतात तो दोन पलंग एकमेकांशेजारून जावेत म्हणून. एका बाजूला पलंग लावले की दुसरा पलंग फिरत नाही. नातेवाइकांसाठी झोपायला वेगळी जागा दिली नाही तर ते तिथेच अंथरूण पसरणार, डब्यांच्या पिशव्या तिथेच ठेवणार. धर्मशाळेची खोली ही अग्निसुरक्षेची खोली आहे असं मी मानतो.

आणि रात्री दहानंतर एकदा मागच्या जिन्याकडे चालत जावं. तिथे बहुधा कोलॅप्सिबल गेट असतं, कुलूप लावलेलं. चोरी होते, रुग्ण निघून जातात, ही कारणं खोटी नसतात. त्यावर उपाय आहे: आतून पॅनिक बार (ढकलताच दार उघडणारा दांडा), उघडताच वाजणारी घंटा, वॉचमनजवळ कॅमेऱ्याचा पडदा. कुलपाच्या किमतीच्या मानाने बराच खर्च. किल्ली कुणाकडे आहे हे तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला विचारावं. उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो, तो घड्याळात मोजावा आणि त्या गेटवर तारखेसकट लिहून ठेवावा.